ढवळ्यांनी हात न लावलेली रायफल

बंदूक बाळगणाऱ्या माणसांकडे काडतुसांपेक्षा किस्से जास्त साठतात. काडतुसं घ्यायला पोलिसांची परवानगी लागते, किश्शांना लागत नाही! शिवाय क्ले शूटिंगमध्ये, म्हणजे हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या खेळात, एक फेरी वीस मिनिटांत संपते आणि उरलेला रविवार बाकावर बसून नंबर येण्याची वाट बघण्यात जातो. मग माणूस दुसरं काय करणार?

आमचं टोळकं तिघांचं. टोकियोतल्या निशी-कसाई भागात राहणारे ढवळे, बँकेतला पराग आणि मी. ढवळे एका संशोधन संस्थेत धातूंवर काम करतात, मूळचे तासगावकडचे, कॉलेजात एनसीसीत नेमबाजी केलेले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करतो आणि ते मला "केदार, गाढवा" म्हणतात. मी ट्रेडिंग कंपनीत आहे, आणि तिघांत जपानी सफाईने वाचता येणारा मी एकटा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याने घात केला आहे.

हे सगळे किस्से मी पार्टीत हसवत हसवत सांगतो. एकट्याने आठवले की तेवढं हसू येत नाही.

*

२०११ चा तो मोठा भूकंप झाला त्या दिवशी ढवळे टोकियोशेजारच्या इचिकावात कामाला गेले होते. गाड्या बंद. सगळं शहर पायी घरी निघालेलं. एका दुकानाच्या दारात सत्तरीकडे झुकलेला एक म्हातारा हात पाठीमागे बांधून उभा होता. त्याने ढवळ्यांना थांबवलं आणि विचारलं, "जरा कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून पाणी आणून द्याल का? मला दुकान सोडून हलता येत नाही."

"का?"

"आत बंदुका आहेत. दाराचं कुलूप मोडलंय."

ढवळे तीन दुकानं फिरले. पाण्याच्या दोन बाटल्या आणि उरलासुरला एक भाताचा गोळा घेऊन परत आले आणि दोन तास म्हाताऱ्यासोबत दारात उभे राहिले. दर थोड्या वेळाने जमीन हलायची आणि आतली कपाटं वाजायची. म्हातारा, म्हणजे मोरीता-सान, प्रत्येक धक्क्याला आत डोकावून एकाच कपाटाकडे बघायचे. शेवटी ढवळ्यांनी विचारलंच, "त्यात एवढं काय आहे?"

"माझी स्वतःची. सेमी-ऑटोमॅटिक रायफल. जुनी आहे, कुणी विकत घेणार नाही. पण नेमाला फार चांगली आहे हो!"

पुढच्या काही आठवड्यांत आमच्या ओळखीतली निम्मी कुटुंबं भारतात परत गेली. ढवळे गेले नाहीत. लोक म्हणायचे, धाडसी माणूस. मला विचाराल तर त्यांचा जीव त्या कपाटात अडकला होता.

*

आता जपानमध्ये अशी उठून रायफल घेता येत नाही. आधी अभ्यासक्रम, लेखी परीक्षा, डॉक्टरचा दाखला, आणि मग मिळते साधी शॉटगन. ती दहा वर्षं सांभाळायची, परवान्यात एका दिवसाचाही खंड नको. मग रायफलचा अर्ज. आणि तोवर दुसऱ्याच्या रायफलला बोटसुद्धा लावायचं नाही. "जरा धरू का" म्हटलं तरी समोरचा दोन पावलं मागे सरतो!

परवान्याआधी पोलीस अर्जदाराच्या शेजाऱ्यांना, ओळखीच्यांना भेटतात. ढवळ्यांच्या वेळी ते माझ्याकडे आले. वयस्कर, अतिशय नम्र अधिकारी. वहीत बघून म्हणाले, "ढवळे-सान रागीट आहेत का?"

मी पुण्याचा. सरळ उत्तर जिभेवर येत नाही. म्हणालो, "राग? बायकोसमोर तोंड उघडायची हिंमत नाही त्यांची!"

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढे दोन महिने काहीच हललं नाही. मग एक महिला अधिकारी मेधावहिनींना भेटायला आल्या आणि चहा न घेता म्हणाल्या, "तुम्ही पतीला कशा प्रकारची भीती घालता, ते सविस्तर सांगाल का?"

त्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "केदार भावजी, तुम्ही पोलिसांशी विनोद करता? पोलिसांशी?" ढवळे मागून म्हणत होते, "जाऊ दे गं, परवाना मिळेलच." मिळाला. पण चूक करून त्यांच्याकडून "जाऊ दे" ऐकायची सवय मला तेव्हापासून लागली.

*

बंदुकीसाठी घरात भिंतीला बोल्टने बसवलेलं लोखंडी कपाट लागतं, आणि काडतुसांसाठी वेगळी तिजोरी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एवढी भक्कम तिजोरी आलेली बघून वहिनींना फार आनंद झाला. भूकंपात देव्हारा पडल्यापासून त्या काळजीत होत्याच. पोलीस तपासणीला आले, त्यांनी तिजोरी उघडली, तर आत दोन डबे काडतुसं आणि मध्ये चांदीचा रांगता बाळकृष्ण!

अधिकाऱ्यांनी हातमोजा चढवला, बाळकृष्ण बाहेर काढला, उलटा करून पाहिला. "हे कोण?"

"देव," ढवळे म्हणाले.

अधिकाऱ्यांनी दोन्ही हातांनी अदबीने तो वहिनींकडे दिला आणि म्हणाले, "क्षमा असावी. देवांना इथे परवानगी नाही."

*

परागला ती रायफल मान्यच नव्हती. "ढवळे, सेमी-ऑटो म्हणजे शिंपडायचं यंत्र! नेमबाजीला बोल्ट ॲक्शन घ्यावी. एक गोळी, हाताने खटका मागे-पुढे, मग दुसरी. यात ट्रिगर दाबला की पुढची गोळी आपोआप चढते. एवढे सुटे भाग आत हलणार, आणि नेम म्हणे अचूक!"

ढवळे शांतपणे सांगायचे की मोरीता-सान ज्या किमतीला देणार आहेत त्यात त्यांच्या लेकीचं, सईचं, शाळेचं दप्तरसुद्धा आलं नव्हतं. (ज्यांनी जपानी शाळेचं दप्तर विकत घेतलंय त्यांना हे पटेल.) "तेवढ्यात शंभर मीटरवर चहाच्या कपाएवढा नेम मिळत असेल तर अजून काय हवं?"

"कुठे मिळतोय? तुम्ही हात तरी लावलाय का?"

म्हणून एकदा मोरीता-सान आम्हा तिघांना डोंगरातल्या रेंजवर घेऊन गेले. आम्ही मागे उभे, ढवळे दुर्बिणीला डोळा लावून. म्हाताऱ्याने पाच गोळ्या झाडल्या. प्रत्येक गोळीनंतर तो रायफल तशीच धरून इतका वेळ थांबायचा की परागला वाटलं ती बिघडली. कागद आणला. खिशातून मोरीता-साननी आपला बिनकानाचा छोटा चहाचा कप काढला आणि भोकांवर पालथा घातला. पाचही भोकं झाकली गेली.

"सेमी-ऑटोमॅटिकचा दोष एकच," मोरीता-सान म्हणाले. "दुसरी गोळी तयार आहे हे माणसाला माहीत असतं. ते विसरता आलं की झालं."

पण खरी गंमत पुढे आहे. ही रायफल झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी उजवीकडे चांगली चार हात फेकते, आणि त्या रेंजचा नियम असा की पाच झाडल्या तर पाच पुंगळ्या दाखवायच्या. चारच सापडल्या! आम्ही चौघं गुडघ्यांवर, गवत हाताने विंचरत. दोन तास. रेंजवाले सारखे घड्याळ बघतायत. शेवटी पराग भुकेने कावला आणि चिवड्याचा डबा उघडायला गेला. झाकण मघापासून अर्धवट लागलेलं. पुंगळी चिवड्यात!

पराग ती हातात धरून म्हणाला, "ढवळे, घ्या ही रायफल. डब्यात नेम मारते!"

मोरीता-साननी तो छेदलेला कागद ढवळ्यांना दिला. त्यांनी तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. आलेले पाहुणे समजायचे, ढवळ्यांचंच बक्षीस आहे. ते दर वेळी खरं सांगायचे, "माझी नाही. होणार आहे."

*

परवाना दर तीन वर्षांनी नवा करावा लागतो, आणि त्याची मुदत वाढदिवसाला संपते. अर्ज वाढदिवसाच्या दोन महिने आधी सुरू, एक महिना आधी बंद. मधले ते तीस दिवस हुकले की परवाना गेला, आणि आधीची वर्षंही गेली. ढवळे यात कधी लक्ष घालायचे नाहीत, कारण दोन्ही वेळा मोरीता-सानचं पोस्टकार्ड आलं होतं: "ढवळे-सान, पोलीस स्टेशनला जाण्याची वेळ झाली. रायफल बरी आहे." पत्र आलं की उठायचं आणि जायचं.

नवव्या वर्षी मोरीता-सानचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी आणि ढवळे हॉस्पिटलात गेलो तेव्हा ते उशाशी वही घेऊन घड्याळाची चित्रं काढत होते. म्हाताऱ्या लोकांना परवाना नवा करताना स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी लागते. त्यात घड्याळ काढायला सांगतात, चित्रं दाखवून नंतर विचारतात.

"दुकान आता बंदच करतोय," ते म्हणाले. "खरं म्हणजे परवानाही सोडायचा होता. पण सोडला तर रायफल पोलिसांकडे जाईल आणि तिचे तुकडे करतील. ढवळे-सानची दहा वर्षं भरायला अजून दीड वर्ष आहे. तेवढं टिकवतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या वेळी पोस्टकार्ड जमणार नाही. तुम्हाला वाचता येतं. तुम्ही त्यांना आठवण करून द्याल?"

"अर्थात!" मी म्हणालो. तिथल्या तिथे फोन काढला आणि ढवळ्यांच्या वाढदिवसाच्या दोन महिने आधीची नोंद केली. ऑगस्ट.

ढवळ्यांचा वाढदिवस मला पाठ होता. कोजागिरीचा जन्म! दर वर्षी त्यांच्याकडे मसाला दूध आणि केक एकदमच असतो. मेणबत्त्या विझवायच्या, मग गच्चीत जाऊन चंद्र बघायचा. दहा वर्षं मी तो केक खाल्ला आहे.

*

दर वर्षी वसंतात बंदुका पोलीस स्टेशनला नेऊन दाखवायच्या असतात. त्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यातली गोल्डन वीकची सुट्टी संपल्या संपल्या बोलावणं होतं. आम्ही तिघं बंदुका खोळीत घालून, हसत-खिदळत गेलो. ढवळ्यांची शॉटगन मोजून झाली. अधिकाऱ्यांनी परवाना उघडला, आणि कॅलेंडरकडे बघितलं.

"ढवळे-सान, नूतनीकरणाचा अर्ज?"

"ऑगस्टमध्ये करणार आहोत!" मी मध्येच बोललो. फुशारकीने बोललो.

अधिकाऱ्यांनी परवाना आमच्याकडे फिरवला. "मुदत एक जूनला संपते. अर्ज एक मेपर्यंत घ्यायचे होते."

एक जून. आमच्या बापाच्या पिढीत आणि ढवळ्यांच्या गावाकडे तर त्यांच्याही पिढीत, हेडमास्तर पोराला शाळेत घालून घेताना विचारत नसत. एक जून लिहून मोकळे होत. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी! हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या मामाचाही एक जूनच आहे. पण ढवळे म्हटलं की मला चंद्र आणि केक आठवला, हेडमास्तर आठवले नाहीत.

अधिकारी खरोखर चांगले होते. त्यांनी नियमाचं पुस्तक काढलं. "काही कारण असेल तर बघता येतं. तुम्ही आजारी होता?"

"नाही," ढवळे म्हणाले.

"परदेशात?"

"नाही."

"काही आपत्ती? भूकंप, पूर?"

ढवळ्यांनी हळूच माझ्याकडे बघितलं. "नाही."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे. यांचा खरा वाढदिवस ऑक्टोबरमध्ये असतो!"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "खरा? मग ही तारीख खोटी आहे?"

पासपोर्ट, व्हिसा, नोकरी, परवाना, सगळीकडे एक जून. ढवळ्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात, आणि म्हणाले, "एक जूनच खरा आहे. माझे मित्र चुकले."

बाहेर आल्यावर मी रडायच्या बेतात होतो. पराग पायऱ्यांकडे बघत उभा. ढवळे म्हणाले, "मलाही माझी तारीख माहीत होती की रे. फॉर्मवर दर वेळी मीच लिहितो. मी पत्राची वाट बघत बसलो. चल, मेधाने आमटी केलीय, जेवूनच जा."

जेवताना सईने टेबलावरचा परवाना उचलला. ती आठवीत, इथेच वाढलेली, घरात अर्धं बोलणं जपानीतच करते. तिने तो तीन सेकंद पाहिला आणि जपानीत म्हणाली, "पण बाबा, इथे लिहिलंय ना."

नऊ वर्षं तो कागद त्या घरात होता. ती तिसरीत असल्यापासून तिला तो वाचता आला असता. कुणी तिला दिलाच नव्हता. आणि मी, ज्याला वाचता येत होतं, त्याने उघडून पाहिला नव्हता. मला त्याची आजही लाज वाटते, आणि ती सांगून कमी होत नाही.

*

मोरीता-सानना सांगायला मी एकटा जाणार होतो. ढवळे आलेच. मी वाकून माफी मागितली, जपानीत मागतात तशी, कमरेतून. म्हाताऱ्याने बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा पहिल्यापासून दहा वर्षं म्हणजे त्यांची नव्वदी.

मग उशाशी असलेली घड्याळांची वही त्यांनी मिटली. "बरं झालं. मला ती परीक्षा अवघडच जात होती."

गुडघा बरा झाल्यावर ते शेवटचे रेंजवर गेले. ढवळे नेहमीच्या जागी, दुर्बिणीपाशी. पाच गोळ्या. या वेळी कप पालथा घातला तर दोन भोकं बाहेर राहिली. परागने धीर द्यायला म्हटलं, "रायफल जुनी झाली."

"रायफल तीच आहे," मोरीता-सान म्हणाले.

त्यांनी ती खोळीत घातली. चेन लावता लावता थांबले, ढवळ्यांकडे पाहिलं. तिथे आम्हा चौघांशिवाय कुणी नव्हतं. ढवळ्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. म्हाताऱ्याने मान हलवली आणि चेन लावली. पुढच्या आठवड्यात रायफल पोलिसांकडे गेली.

ढवळ्यांची शॉटगनही एक जूनच्या आत घरातून गेली. तिजोरी रिकामी झाली, तेव्हा वहिनींनी बाळकृष्ण परत आत ठेवला.

*

आणि आता हा शेवटचा.

दीड वर्षानंतर, म्हणजे ज्या महिन्यात रायफल मिळायची होती त्याच महिन्यात, माझ्या दारावर एक तरुण पोलीस अधिकारी आला. हातात नवी कोरी वही. ढवळ्यांनी शॉटगनसाठी नव्याने अर्ज केला होता. वय पन्नाशीच्या पुढे, वर्षं शून्यापासून. ओळखीची व्यक्ती म्हणून नाव दिलं होतं माझं! हे कळलं तेव्हाच मी त्यांना फोन करून विचारलं होतं, "अहो, आता कशासाठी? ती रायफल तर राहिली नाही." ते म्हणाले, "दहा वर्षांनी दुसरा कुणीतरी म्हातारा भेटेल. नाहीतर मीच असेन."

अधिकारी आला तो नेमका कोजागिरीचा दिवस. संध्याकाळी ढवळ्यांकडे दुधाला जायचं होतं, केक मीच आणून ठेवला होता. त्या मुलाने बूट काढून नीट जुळवून ठेवले, बसला, वही उघडली.

"ढवळे-सान रागीट आहेत का?"

या वेळी मी विनोद केला नाही. "नाहीत."

"कधीच चिडत नाहीत? मोठं नुकसान झालं तरी?"

"नाही."

"एखादं उदाहरण सांगू शकाल?"

मी घोटभर पाणी प्यायलो. "एका मित्राच्या निष्काळजीपणाने त्यांची नऊ वर्षं फुकट गेली. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या मित्राला आपल्या घरी जेवायला नेलं."

त्याने शब्दन् शब्द लिहून घेतला. मग मान वर करून विचारलं, "तो मित्र सध्या कुठे असतो?"

"तुमच्यासमोर बसलाय."

त्याचं पेन थांबलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग मागच्या टेबलावरच्या केककडे. त्याने पान उलटलं आणि घसा साफ केला.

"शेवटचा प्रश्न. आपण त्यांना खरोखर ओळखता याची खात्री म्हणून विचारतो. ढवळे-सानचा वाढदिवस कधी असतो?"

"एक जून," मी म्हणालो.